काट्यावरची बाई

रात्री साडेनऊला बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्रेसर कुणाचं ऐकत नाही,
म्हणून मी आणि नफीसा तिचे ओठ वाचतो.
फोन वजनकाट्याला टेकवलेला.
पडद्यावर सब-इन्स्पेक्टर शर्वाणी कुवेसकर
साहेबांच्या टेबलासमोर उभी.
एकशे बारा भाग झाले,
त्या खोलीत तिला कुणी 'बसा' म्हटलेलं नाही.

नफीसा म्हणते, भावासाठी चाललंय गो सगळं.
भाऊ खाडीत सापडला, साहेबांनी फाईल मिटवली,
आता ती एकेक पान उसवतेय.
अख्खा मिरकरवाडा हेच म्हणतो,
डिझेलच्या पंपावरचा सोलकरसुद्धा.

मी म्हणते, नाही.
तिसऱ्या भागात, भावाचं नावही निघालं नव्हतं तेव्हा,
साहेब जेवायला गेल्यावर ती आत शिरली होती.
त्यांच्या नावाची पाटी तिरकी होती, ती सरळ केली,
आणि बोट पाटीवरच राहिलं थोडा वेळ,
पापलेटाचं पोट दाबून बघतो ना आपण,
ताजं आहे का, कितीला मागावं,
तसं.
भाऊ नंतर आला. लिहिणाऱ्याला घाम फुटला असेल.
बाईला नुसतीच खुर्ची हवी आहे
हे लोकांच्या गळ्याखाली जात नाही.
मेलेला भाऊ घातला की जातं,
काटे काढून भरवलेल्या माशासारखं.

आज साहेब म्हणाले, प्रेत सकाळी सहाला भरतीबरोबर आलं.
ती म्हणाली, अमावस्या होती, सर.
अमावस्येला सकाळी सहाला ओहोटी असते.
आणि गप्प राहिली.
साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.
एवढंच. मग जाहिरात.

हे वाक्य माझं आहे.

गेल्या चैत्रात शूटिंग आलं होतं आपल्या जेटीवर,
ट्रकभर दिवे, छत्र्या, आणि कागद सांभाळणारी एक बारीक पोरगी.
बर्फ मागायला आली होती, थर्मासमध्ये घालायला.
तिच्या कागदावर अमावस्येची सकाळ आणि भरती दिसली.
मी म्हटलं, बाय, हे चुकतंय.
तिने पेन मागितलं. पैसे द्यायला विसरली.

नफीसाला मी हे सांगत नाही.
ती विचारेल, मग पुढे काय होणार ते पण तुलाच माहीत?

शेठ तोडणकर दहाला चक्कर मारतात.
लादी पन्नासची लिहायची, असं त्यांचं म्हणणं.
लादी सेहेचाळीस भरते, ट्रकात चढेपर्यंत पंचेचाळीस.
पाणी झालं त्याचा हिशेब कोण ठेवतो, म्हणतात,
आणि हसतात, आपणही हसावं म्हणून थांबतात.
सात वर्षं मी पन्नास लिहिलं.
परवापासून सेहेचाळीस लिहितेय.
त्यांनी अजून वही उघडलेली नाही,
किंवा उघडली आहे आणि बोलत नाहीत.
दुसरं खरं असेल तर मला जास्त आवडेल.

माझा भाऊ जिवंत आहे.
लांज्यात रिक्षा चालवतो, दर रविवारी फोन करतो,
आईच्या गोळ्या कितीला आल्या विचारतो.
बापही घरच्या खाटेवर गेला, कुणी मारला नाही.
माझ्याकडे कारण म्हणून दाखवायला काही नाही.

काचेच्या केबिनमध्ये त्यांची खुर्ची,
फिरणारी, पाठीला टॉवेल.
रात्री ती रिकामी असते, दिवा मात्र चालू ठेवतात.
गणपतीच्या सुट्टीत, कारखान्यात मी एकटी असताना,
ती ओढत आणून काट्यावर ठेवली होती एकदा.
अकरा किलो चारशे.
टॉवेलासकट.

जाहिरात संपली.
शर्वाणी अजून उभीच.
नफीसा म्हणते, बस गो आता, किती वेळ उभी राहशील?
कुणाला म्हणते कळत नाही.
बाहेर शेठच्या स्कूटरचा आवाज.
मी पेनाचं टोपण काढते.